नवव्या दिवसाला तक्त्यात रकाना नाही

गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांच्या सत्काराची बातमी आली की मला जरा धास्तीच वाटते. 'देवदूत', 'रणरागिणी', 'सेवाव्रती' अशी विशेषणं सुरू झाली की समजावं, पगाराचा विषय आता निघणार नाही.

माझी आई आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे प्रशिक्षित परिचारिका, होती. गावात तिला कुणी एएनएम म्हणालं नाही, सगळ्यांची ती नर्सबाई. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला एकदा मानपत्र मिळालं. ते तिनं लसीकरणाच्या रजिस्टरला कव्हर म्हणून घातलं, कारण त्या वर्षी रजिस्टरांचे पुठ्ठे फारच हलके आले होते.

मी कॉलेजात असताना सुट्टीत एकदा तिच्याबरोबर एका घरी गेले होते. तो दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून ही पोस्ट.

बाळंतीण दवाखान्यातून घरी आलेली. आशाताई, म्हणजे गावातली आशा स्वयंसेविका, तिसऱ्या दिवशी जाऊन आली होती, सातव्या दिवशी जाऊन आली होती. वजन ठीक, नाळ कोरडी, दूध पितंय, सगळं कार्डावर लिहिलेलं. पुढची भेट थेट चौदाव्या दिवशी. पण नवव्या दिवशी सकाळी ती आईला म्हणाली, "बाई, माझ्यासंगट येता का जरा? काल नळावर त्यांची आजी भेटली. म्हणाली, पोरगी लय गुणाची हाय, रडतच नाही. दुधाला बी उठवावं लागतंय."

एवढंच. ताप नाही, उलटी नाही, कुणाची तक्रार नाही. उलट आजी कौतुकच सांगत होती. आईनं हातातलं काम टाकलं आणि बॅग उचलली.

घरात गेल्यावर आधी दोघींनी हात धुतले, कोपरापर्यंत, आणि पुसले नाहीत, हवेत वाळू दिले. मला तेव्हा ते नाटकी वाटलं होतं. मग आशाताईनं बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळ हातात घेऊन नुसती बसून राहिली. मी काहीतरी बोलायला गेले तर आईनं डोळे वटारले. आशाताई बाळाच्या पोटाकडे बघत होती. पोट वर आलं की एक. पुरं एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नसतं, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो. बासष्ट. साठ किंवा वर आले तर पुन्हा मोजायचे असतात. पुन्हा मोजले. चौसष्ट. तळपाय गार. काखेत थर्मामीटर लावला तर अंगात ताप नव्हताच, उलट अंग हवं त्यापेक्षा थंड होतं. छातीला लावलं तर दोनदा ओढलं आणि सोडून दिलं.

"आजी, पोरगी शहाणी नाही, आजारी आहे," आई म्हणाली. "आता निघायचं."

बाळ बाळंतिणीच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घेतलं, रुग्णवाहिकेसाठी १०२ला फोन झाला, चिठ्ठी लिहिली. ज्या दवाखान्यात गेलो त्याचं नाव घेत नाही. तिथं टेबलावर बसलेल्यानं चिठ्ठी न वाचताच विचारलं, "कुणी पाठवलं? बाळ तर शांत झोपलंय की."

म्हणजे आजी जे म्हणाली तेच, फक्त शुद्ध भाषेत.

आईनं आवाज चढवला तेव्हा कुठं डॉक्टर आले. जंतुसंसर्ग निघाला. ॲडमिट केलं, ॲन्टिबायोटिक सुरू झाली, आणि पोरगी दीडेक आठवड्यानं घरी आली. आता शाळेत जाते.

गोष्टीचा शेवट गोड झाला, पण मी ती त्यासाठी सांगत नाहीये. त्या नवव्या दिवसाच्या फेरीसाठी तक्त्यात रकानाच नव्हता, हे मला सांगायचंय. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर घरभेटी ठरलेल्या आहेत: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२वा दिवस. घरी झालं असेल तर पहिला दिवस धरून सात. या भेटींच्या कागदात 'नळावर आजी भेटली' असं लिहायला जागा नाही. ती फेरी कुठं नोंदली गेली नाही, तिचे पैसे मिळाले नाहीत, कुठल्याच अहवालात ती आली नाही. आणि पोरगी वाचली ती त्याच फेरीनं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की गावातल्या आरोग्यसेविकेचं खरं कसब म्हणजे 'पुन्हा जाणं'. दवाखाना, कितीही चांगला असला तरी, येणाऱ्या माणसाची वाट बघतो. आणि नऊ दिवसांचं बाळ चालत येत नाही. टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांनी बरं वाटायला लागल्यावर बंद करणारा माणूस येत नाही, कारण त्याच्या मते तो बरा झालेला असतो, उपचार मात्र अजून चार महिने बाकी असतात. पायावर सूज आलेली गरोदर बाई येत नाही, कारण तिला सगळ्यांनी सांगितलेलं असतं की असं होतंच. या सगळ्यांकडे कुणीतरी जावं लागतं. एकदा जाऊन भागत नाही. आणि जाणारी अशी हवी, की जिला नळावर लोक घरातली गोष्ट सांगतात.

हे काही भाबडेपणानं बोलत नाही, याला चांगला भक्कम पुरावा आहे, आणि तोही आपल्याच राज्यातला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घ्यायला शिकवलं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. जंतुसंसर्ग ओळखायचा, आणि घरच्यांनी दवाखान्यात न्यायला नकार दिला तर जेंटामायसिन या ॲन्टिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं, इथपर्यंत त्यांची तयारी होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. साठपर्यंतही आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी त्यांनी श्वास मोजायचं एक साधनही केलं होतं: एका मिनिटाची वाळूघडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. मला हे यंत्र फार आवडतं. आकडे येत नाहीत म्हणून बाईला बाजूला न काढता, आकडेच तिच्या बोटांत आणून दिले.

त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हाच रस्ता धरला होता. गावांनीच निवडलेल्या बायका, बऱ्याचशा निरक्षर, कितीतरी दलित. त्यांना एकदाच प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र हातात ठेवलं आणि संपलं, असं केलं नाही. त्या बायका दर आठवड्याला केंद्रावर यायच्या, रात्री मुक्काम करायच्या, गावात काय अडलं ते सांगायच्या, शिकायच्या आणि परत जायच्या. म्हणजे जसं सेविकेनं घराकडे पुन्हा जायचं, तसं शिक्षणानंही सेविकेकडे पुन्हा यायचं. आज आपण तीन दिवसांची कार्यशाळा घेतो, एक फोल्डर देतो, ग्रुप फोटो काढतो. फोल्डर छान असतं.

'अर्धवट शिकलेल्यांच्या हाती औषधं देणार का?' हा प्रश्न दरवेळी येतो. मी त्याला मूर्खपणा म्हणणार नाही. चुकीचं ॲन्टिबायोटिक, चुकीचा डोस, उगाच सुया, हे सगळं गावांत चालतंच, पण ते बहुतेकदा नाव-गाव नसलेल्या दवाखान्यांत, कुणाच्याही देखरेखीशिवाय. सेविकेच्या हातात असतात मोजकी औषधं, मोजके नियम आणि वर विचारायला कुणीतरी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपात भरला आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे कोण होते? नातेवाईक. पुढं बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या बायका दारोदार जाऊन असंच मीठ-गुळाचं मिश्रण करायला शिकवत फिरल्या, आणि त्यांचा मोबदला नुसता किती घरं केली यावर नव्हता, तर नंतर जाऊन विचारल्यावर आईला त्यातलं किती आठवतं यावर होता. असा हिशेब आपल्याकडच्या किती योजनांना परवडेल?

पण हेही सांगते, नाहीतर मी पुन्हा तीच देवदूताची कथा रंगवतेय असं होईल. बाळंतपणात मोठा रक्तस्राव सुरू झाला तर आशाताई एकटी फारसं काही करू शकत नाही. तिथं रक्त लागतं, ऑपरेशन करणारा माणूस लागतो, वेळेत गाडी लागते. सेविका आहे म्हणून डॉक्टरची जागा रिकामी ठेवली तरी चालेल, हा हिशेब मला अतिशय धोकादायक वाटतो, आणि तो केला जातो. पुढचा दरवाजा बंद असेल तर सेविका फक्त एवढंच करू शकते, की दु:खाची बातमी लवकर कळवते. आणि दरवाजा उघडा असला, पण टेबलावरचा माणूस 'कुणी पाठवलं?' म्हणत असला, तर दुसऱ्या वेळी चिठ्ठी लिहिताना तिचा हात अडखळतो. चिठ्ठी पाठवणारीचा पाणउतारा रुग्णासमोर झाला, की गावात तिचा शब्द पडतो, आणि पुढच्या खेपेला आजी म्हणते, "मागल्या बारीला बी तू असंच घाबरवलं होतंस."

आता पैशाचं.

२००५ पासून आशा ही 'स्वयंसेविका' आहे. दहा लाखांवर बायका, साधारण हजार लोकसंख्येमागे एक. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा सन्मान केला, सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले. त्याच संघटनेनं २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या: सामुदायिक आरोग्य कर्मचाऱ्यांना कामाच्या मानानं मोबदला द्या, आणि तो केवळ किंवा मुख्यतः कामागणिक प्रोत्साहन भत्त्यावर अवलंबून ठेवू नका. त्या सूचना कुणी स्टेटसला ठेवल्या नाहीत.

कामागणिक पैसे दिले की काय होतं? ज्याला पैसे तेच काम दिसतं. नवजात बाळाच्या घरभेटींची योजना २०११ साली आली तेव्हा मोबदल्याच्या अटी होत्या: वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी, आणि ४२व्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघंही सुखरूप असणं. शेवटची अट पुन्हा वाचा. म्हणजे सगळ्या फेऱ्या केल्या, रात्री-अपरात्री गेली, दवाखान्यात नेलं, तरी विसाव्या दिवशी बाळ गेलं, तर मोबदलाही गेला. कुठल्या डॉक्टरचा पगार आपण असा ठरवतो?

इथिओपियानं २००३च्या सुमाराला हाच विचार केला तेव्हा गावातल्या दहावी शिकलेल्या मुलींना वर्षभराचं प्रशिक्षण दिलं आणि सरकारी पगारावर घेतलं, तीस हजारांवर. ब्राझीलमध्ये सामुदायिक आरोग्य कर्मचारी नेमून दिलेल्या प्रत्येक घरी महिन्यातून एकदा जातो, कुणी आजारी असो वा नसो, आणि त्याला पगार मिळतो. 'आजारी नसलं तरी जायचं' हे मला महत्त्वाचं वाटतं. आजी नळावर बोलते ती अशा फुकटच्या फेऱ्यांमुळेच. दर वेळी काहीतरी भरून घ्यायला येणाऱ्या बाईशी कोण बोलणार?

आणि भरून घेणं तर इतकं वाढलंय! आई निवृत्त व्हायच्या शेवटच्या वर्षांत मी तिला रात्री जेवणानंतर रजिस्टरं घेऊन बसलेली बघितलंय. आधी रजिस्टरात लिहायचं, मग तेच मोबाईलवर भरायचं, मग भरल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. नेटवर्क नसलं तर वरच्या आळीतल्या टाकीवर चढून. ॲप वाईट नाही, मी ॲपच्या विरोधात नाही. पण पन्नास रकाने भरणाऱ्या बाईला एकावन्नावी गोष्ट दिसायला उसंत लागते. त्या दिवशी आशाताईच्या डोक्यात आजीचं वाक्य रात्रभर राहिलं, कारण डोक्यात तेवढी जागा शिल्लक होती.

मागणी काय, असं कुणी विचारेल. पगार, वेळेवर. बॅगेतला थर्मामीटर बंद पडला तर महिन्याच्या आत दुसरा. दर महिन्याला कुणीतरी जाणकार तिच्याबरोबर दोन घरं फिरावं, तपासायला नव्हे, शिकवायला. चिठ्ठीवर सही करून, बाळाला काय निघालं ते दोन ओळींत लिहून चिठ्ठी तिला परत मिळावी. आईला तीस वर्षांत अशा किती परत आल्या, मी विचारलं होतं. ती हसली फक्त.

आई आता निवृत्त आहे. परवा भावाचं बाळ पाळण्यात झोपलेलं होतं आणि आम्ही सगळे गप्पा मारत होतो. आई मध्येच गप्प झाली. मला वाटलं डोळा लागला. बऱ्याच वेळानं "त्रेचाळीस" म्हणाली, आणि गप्पांत परत आली.