गावाचा इतिहास एका दुपारात कसा काढावा

तालमीचं शतक महोत्सवी वर्ष तोंडावर आलंय. स्मरणिकेच्या जाहिराती गोळा झाल्यात, आमदारांचा शुभेच्छा संदेश फोटोसकट आलाय, मुखपृष्ठावर वाघ की सिंह हा वादही मिटलाय. राहिलाय तो फक्त इतिहास. तो मिळतो गावातले जुने कागद सांभाळणाऱ्या इतिहास संशोधन मंडळाच्या दप्तरात. दुपारी जेवून निघालात तर चारच्या चहाला परत येता. कसं ते सांगतो.

आधी काहीही वाचून जायचं नाही. मेजर ग्रॅहमचा १८५४चा कोल्हापूर संस्थानावरचा अहवाल आहे, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८६चा कोल्हापूर खंड आहे, शाहू महाराजांच्या काळातली कितीतरी कागदपत्रं छापून झालेली आहेत. गॅझेटियर तर हल्ली फोनवरसुद्धा उघडतं. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथंच सापडतात, म्हणूनच त्या वाटेला जायचं नाही. छापलेलं वाचून कुणी संशोधक झालाय का?

मंडळात जाताना दार बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी पोचा.

तिथं बसलेले काका निवृत्त आहेत, बिनपगारी आहेत, म्हणजे त्यांना वेळच वेळ आहे. त्यांना विचारायचं, "आमच्या गल्लीचं काय असंल की ओ जुनं?" सन सांगायचा नाही, पेठ सांगायची नाही, माणसाचं नाव सांगायचं नाही. महसुलाचं हवंय, देवस्थानचं, फौजदारीचं की सरकारांच्या खासगीचं, तेही सांगायचं नाही. दप्तर विषयवार लावलेलं नसतं, ते ज्या खात्यात तयार झालं त्या खात्याप्रमाणे लावलेलं असतं. देवळाच्या दिवाबत्तीचा खर्च देवस्थानच्या कागदांत, त्याच देवळाच्या इनाम जमिनीचा वाद महसुलात आणि त्याच देवळात झालेली मारामारी फौजदारीत. हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. काकांनी तिन्हीकडची यादी काढून समोर ठेवली की म्हणायचं, "एवढं कोण वाचणार? तुम्हीच थोडक्यात सांगा."

कुणबी नोंद हवी असेल तरी इथंच या. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. संस्थानचं मोठं दप्तर सरकारी पुराभिलेखागारात आहे. मंडळाकडे या दोन्हीतलं काही नसतं. "आमच्याकडं नाही" असं ऐकल्यावर आवाज चढवायचा. २०२३ पासून हा सराव पुष्कळांना झालेला आहे.

मोडी शिकू नका. हात बसायला काही महिने लागतात, स्मरणिका तर दिवाळीला काढायचीय. ओळीभर रेघ आधी मारून तिच्याखाली बोरूनं अक्षरं लोंबत सोडलेली, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यापेक्षा फोनला फोटो दाखवा आणि वाचून घ्या. तो कधीच अडखळत नाही. जाणता मोडी वाचक तीन ठिकाणी थांबतो, "हा शब्द लागत नाही" म्हणतो, तिथं टिंबं टाकतो. फोन टिंबं टाकत नाही. जे लागलं नाही ते तो गोड मराठीत रचून देतो, आणि आपल्याला कुठं कळणार आहे!

मिती दिसली की साल काढायला घ्या. विद्या अंगात यायला हवी असेल तर हा भाग सोडू नका.

जुन्या कागदावर इसवी सन नसतो. सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतली जुनी कालगणना, असतो, तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमानं: एकम आधी, हजार शेवटी. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७३. मृगाला सन बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७७२-७३. 'सबा' सात आणि 'सबैन' सत्तर, 'सलास' तीन आणि 'सलासीन' तीस. घाईत एकाचं दुसरं वाचलं की पिढ्या बदलतात. शेजारी 'छ २५ मोहरम' असं असेल तर तो 'छ' म्हणजे चंद्र. महिना हिजरी, वर्ष मात्र सौर. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी तोकडं, त्यामुळे एकच तारीख एखाद्या सनात सुरुवातीलाही येते आणि शेवटीही.

आणि फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं वर्ष, वेगळा. दोन्ही मृगालाच बदलतात, दिसायला सख्खे भाऊ, पण फसलीत मिळवायचे ५९० किंवा ५९१. नऊ वर्षांचा फरक. कागदावर फसली १२९४ आहे. खरं साल १८८४-८५. शाहू महाराज तेव्हा दहा वर्षांचे, दत्तक घेऊन जेमतेम वर्ष होतंय, कारभार दुसऱ्यांच्या हाती. तुम्ही सुहूरची बेरीज लावलीत की तोच कागद जातो १८९३-९४ला. २ एप्रिल १८९४ला राज्यारोहण! लगेच मथळा तयार: 'गादीवर बसताच महाराजांनी आमच्या तालमीला जागा दिली'. कुणी तपासत नाही. छापा.

नावांच्या बाबतीतही मन मोठं ठेवा. १७९०च्या कागदात 'शिवाजी महाराज' दिसले की ते रायगडचेच धरायचे. ते १६८० साली गेले, हा तपशील आहे. करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीवर ताराबाईंचे पुत्र शिवाजी होते, मग १७६२ ते १८१३ शिवाजी, १८३८ ते १८६६ शिवाजी, ज्यांना बाबासाहेब म्हणायचे, १८७१ ते १८८३ पुन्हा शिवाजी. राजाराम म्हणाल तर फ्लोरेन्सला वारलेले वेगळे, १९२२ला गादीवर आलेले वेगळे आणि जिंजीला गेलेले तर त्याहून वेगळे. शाहू साताऱ्याचेही होते. यातला नेमका कोण हे ठरवायला सन लागतो, शिक्का लागतो, कारभाऱ्याचं नाव लागतं. स्मरणिकेला काय लागतं? चौकात लावायला फ्लेक्स लागतो. तेव्हा सगळ्यात मोठे घ्या.

रकमेतल्या उभ्या-आडव्या रेघा आकडेच समजून वाचायच्या. '१२॥=' म्हणजे बारा रुपये दहा आणे: उभी रेघ पावलीची, म्हणजे चार आण्यांची, आडवी एका आण्याची. तुम्ही बाराशे अकरा वाचा. देणगी मोठी दिसते.

पान उलटताना बोटाला थुंकी लावा. मोडी कागदाची शाई काजळी आणि डिंकाची. डिंक पाण्यात सुटतो, तेव्हा अक्षर तुमच्या बोटावर येईल. इतिहास अंगाला लागला असं म्हणतात ते हेच.

घरात जुनी सनद सापडली असेल तर दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू वाहा, फाटली तिथं चिकटपट्टी लावा, आणि मग त्याच उत्साहात लॅमिनेशन करून घ्या. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून शाईसकट निघते. लॅमिनेशन तर निघतच नाही, उष्णतेनं प्लॅस्टिक कागदाच्या धाग्यांत शिरतं. आत कोंडलेला कागद आपल्याच आम्लानं करपत राहतो, वरून मात्र चकचकीत दिसतो. २०१९ला आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या माळ्यापर्यंत गेलं त्यांनी भिजलेली बाडं उन्हात टाकली, काहींनी इस्त्री फिरवली. सावलीत, पंख्याखाली, मधे मधे कोरा टीपकागद घालून, तो ओला झाला की बदलत वाळवायची असतात. दोन दिवसांत बुरशी धरते. एवढं जमणार नसेल तर पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची आणि जाणकाराला विचारायचं. पण उन्हात पटकन होतं.

आता मुख्य विद्या, फोटो काढण्याची. मंडळानं परवानगी दिली की फ्लॅश चालू करून सुरू व्हा.

वेंधळे अभ्यासक काय करतात ते बघा. कागद बांधून ठेवलेल्या कापडाची, म्हणजे रुमालाची, गाठ सोडायच्या आधी बाहेरच्या चिठ्ठीचा फोटो घेतात. मग आतल्या पुडक्यावरच्या क्रमांकाचा. मग कागद खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून, चारी कडा दिसतील असा, शेजारी पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवून एक फोटो. मग कागद उलटा करून पाठीचा एक. मग कागद त्याच घडीवर, त्याच पुडक्यात, त्याच जागी. फार तर मिनिटभराचं काम. एवढा वेळ घालवून मिळतं काय? तर कुणी विचारलं की "रुमाल अमुक, पुडकं अमुक, कागद अमुक" असं सांगता येतं. ही काय मिरवायची गोष्ट आहे?

तुम्ही असं करा. पाठ बघूच नका. कागद पोचल्याची नोंद, ती 'पैवस्ती', पाठीवर असते. लांब कागद बंदांना बंद, म्हणजे तुकड्याला तुकडा, चिकटवून केलेला असतो आणि मधला एखादा बंद कुणी बदलू नये म्हणून सांध्यावर शिक्का किंवा कारकुनाची खूण असते, तीही पाठीवर असते. म्हणजे कागद अस्सल आहे का आणि कधी पोचला, एवढंच तिथं कळतं. सोडून द्या. कडा कापा, कारण कडेला वाळवीची भोकं दिसतात आणि ती पोस्टला शोभत नाहीत. पत्राच्या शेवटचं 'मोर्तब सूद' कापलं गेलं तर जाऊ द्या, पत्र पुरं झालं की अर्धंच राहिलं याच्याशी आपल्याला काय करायचंय! शिक्का बरोबर मधे आणा आणि त्याच्यावर आपलं नाव आडवं टाका, जाड, पांढऱ्या अक्षरात, 'इतिहासप्रेमी' असं पुढं लावून. शिक्क्याचा आकार, त्यातली ओळ, त्यावरून शिक्का कोणाचा हे ठरतं. आता तुमचा आहे हे ठरलं.

असा एक फोटो गेल्या महिन्यापासून कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. जगात भारी. खाली मजकूर, 'आजवर अप्रकाशित, प्रथमच'. कुठला कागद, कुठल्या रुमालातला, काही नाही. विचारलं की अंगठा येतो. आणखी विचारलं की "स्रोत सुरक्षित आहे" असं उत्तर येतं. सुरक्षित? फोटो बघून मंडळात शोधलं तेव्हा ज्या पुडक्यात तो असायला हवा तिथं तो नाही. पुडक्याची क्रमांकाची चिठ्ठी टेबलाखाली पडलेली. शेजारच्या दोन रुमालांच्या गाठी बदललेल्या. म्हणजे चोरलेला नसेलही. बघितला, फोटो काढला आणि हाताला लागेल त्या रुमालात कोंबला.

यात काय बिघडलं, असं म्हणणारे भेटतात. रुमाल म्हणजे एका कचेरीतून एका वेळी जसे कागद बांधून ठेवले तसेच राहिलेले कागद. ज्याच्यावर मिती नाही तो कागद कधीचा हे त्याच्या मागच्या-पुढच्या कागदांवरून कळतं. ज्यात नुसतं 'महाराज' लिहिलंय ते महाराज कोणते, हे शेजारच्या कागदातल्या कारभाऱ्यावरून कळतं. तो कागद उचलून दुसरीकडे घातला की दोन्ही ठिकाणं नासली. इथला दुवा गेला आणि तिथं खोटा दुवा तयार झाला. एकेका रुमालात शेकडो कागद. दर कागद उलगडून बघितल्याशिवाय तो सापडणार नाही, आणि उलगडताना बाकीच्यांच्या घड्या तुटणार. हे कोण करणार? तेच काका, मास्क लावून, कसर झटकत, आपल्या चहाच्या पैशातून टीपकागद आणून.

२६ जुलै १९०२चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम आज कुणाला नाकारता येत नाही, कारण तो करवीरच्या गॅझेटात तारखेनिशी छापलेला आहे. उद्या तुमच्या त्या 'अप्रकाशित' कागदावर कुणी शंका घेतली तर काय दाखवणार? तुमचंच नाव आडवं टाकलेला फोटो? ज्या गावात चार पिढ्यांनी वाळवी, पूर आणि भाऊबंदकीतून कागद राखले, तिथं ते मोबाईलवाल्यांच्या हातून जायला लागलेत, आणि वर फेटे बांधून सत्कार चाललेत. सत्कार करणाऱ्या मंडळांनाही सांगतो, शाल घालायच्या आधी एवढं विचारा: रुमाल कुठला? उत्तर आलं नाही तर शाल परत घडी करून ठेवा.

आणि ज्यानं हे केलंय त्याला. कापायच्या आधीचा मूळ फोटो तुझ्या फोनमध्ये अजून असेल. त्याच्या मागचे-पुढचे फोटोही असतील, त्यात टेबलावर कुठला रुमाल सोडलेला होता ते दिसेल. तेवढे पाठव. नाव कुणी विचारत नाही. कागद घरी नेला असशील तर लॅमिनेशन करू नकोस, पट्टी लावू नकोस, दोन कोऱ्या कागदांत सपाट ठेव आणि मंडळाच्या दारातून आत सरकव. दर शनिवारी दुपारी उघडं असतं. बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी आलास तरी चालेल.