हुर्राकची पेप्सी

पाहुणे पुण्याचे असले की त्यांना हुर्राक, म्हणजे आमची गोव्याची काजूच्या बोंडांची हलकी दारू, नुसती पिऊन चालत नाही, तिचं काहीतरी करायला लागतं. आम्ही म्हापशाची माणसं ती लिमक्यात ओततो, मीठ घालतो, उभी चिरलेली हिरवी मिरची सोडतो आणि विषय संपवतो. यंदा मे महिन्यात भावोजी आले आणि म्हणाले, "वहिनी, हिची पेप्सी करू या!" पेप्सी म्हणजे शाळेबाहेर मिळायची ती, प्लास्टिकच्या नळीतली.

दारू गाळतात त्या भाटीवरून पाण्याच्या जुन्या बाटलीत हुर्राक आली. मानकुराद आंब्याचा रस, लिंबू, मीठ. (मानकुरादचा भाव बघता दारूच स्वस्त पडली.) नळ्या भरल्या, पण फ्रीझर सासूबाईंचा. तिथे बांगडे, खवलेला नारळ आणि मुलांच्या कोकमच्या नळ्या. मुलांच्या लाल, आमच्या पिवळ्या, तरी आमच्या प्रत्येक नळीला दोरा बांधायचा हुकूम सुटला.

दुसऱ्या दिवशी कोकम दगडासारखं कडक आणि आमच्या नळ्या लुळ्या. भावोजींनी दोष फ्रीझरला दिला. फ्रीझर बिचारा उणे 18 वर इमानदारीत घुरघुरत होता. मग हळूहळू कळलं की मी झोपल्यावर भावोजींनी नळ्यांत फेणीची भर घातली होती, "जरा जान यावी म्हणून". हुर्राकात मद्यार्क साधारण 15 टक्के, फेणीत चाळिसाच्या वर. एवढा मद्यार्क पोटात असलेली वस्तू घरच्या फ्रीझरला काय दाद देणार?

निम्मा माल काढून (तो वाया गेला नाही) आंब्याचा रस वाढवला, तेव्हा कुठे नळ्या धरल्या. तरी आत एक गोम राहिलीच. बर्फ होतो पाण्याचा. मद्यार्क आणि साखर बर्फाच्या कणांमधल्या फटींत पातळच राहतात. म्हणजे टोक कापून पहिले चार घोट ओढले की दारू, गोडी, मजा सगळी संपली. मागे उरतो फिकट पांढरा बर्फ.

हे मी भावोजींना समजावत होते, तोवर सासूबाईंनी एक नळी उचलली. दाताने टोक तोडलं. डोळे मिटून, गाल आत ओढून लांबलचक घोट घेतला. मग रंग उडालेली नळी भावोजींच्या हातात ठेवली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "घे, उरलेली तू खा. पुढची दे."