चिलटांचा आचारी

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी विचारलं, रिसर्च असिस्टंट म्हणून येतोस का, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि पेपरवर छापलेलं नाव आलं. पहिल्या दिवशी पीएचडीवाल्या ताईने हातात पातेलं दिलं.

आमच्या लॅबमध्ये ड्रोसोफिला, म्हणजे आपल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं. त्यांना ताजं खाणं लागतं. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर (समुद्री शेवाळापासूनची जेलीची पूड) पाण्यात कालवून गुठळी न होऊ देता ढवळत बसायचं, थोडक्यात पिठलंच, फक्त फोडणीच्या जागी शेवटी प्रोपिओनिक आम्ल घालायचं म्हणजे बुरशी लागत नाही. त्याचा वास कपड्यांत असा बसतो की आई दारातूनच ओरडायची, आधी आंघोळ! आजीचं म्हणणं वेगळंच, "घरी कधी चहा टाकला नाहीस मेल्या, आणि चिलटांना रांधून घालतोस?"

खरं संकट मात्र व्हर्जिन कलेक्शनचं. कोषातून निघालेली मादी साधारण आठ तास नराला दाद देत नाही, तेवढ्यात तिला उचलून वेगळं ठेवायचं, नाहीतर पिल्लांचा बाप कोण याचा पत्ता नाही. एकदा भर पीएमटीत मी फोनवर ओरडलो, "ताई, आज चौदा व्हर्जिन मिळाल्या!" शेजारच्या काकू पर्स छातीशी धरून पुढच्या सीटवर गेल्या.

तर माझा क्रॉस, म्हणजे कुणाची जोडी कुणाशी लावायची ते, होता साधा, पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या, लाल डोळ्यांचे नर. मॉर्गन या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला तेव्हापासून जगभर पोरं हे करतात. उत्तर पाठ आहे, मुली सगळ्या बापासारख्या लाल, मुलगे सगळे आईसारखे पांढरे. मी मोजायला बसलो तर ६२ मुलींत १७ पांढऱ्या डोळ्यांच्या!

आधी हात जुन्या सवयीने खोडरबराकडे गेला. अकरावीपासून आपण काय करतो, लंबकाचा जी ९.८ आलाच पाहिजे म्हणून रीडिंग उत्तरावरून मागे आणतो, त्यात मी मास्टर होतो. पण मग एकदम आठवला ब्रिजेस. हा मॉर्गनच्या लॅबमध्ये बाटल्या धुणारा कॉलेजचा पोरगा, धुता धुता काचेतूनच त्याला वेगळ्या डोळ्यांची माशी दिसली, आणि पुढे १९१६ मध्ये अशाच भलत्या पांढऱ्या मुलींवरून त्याने दाखवून दिलं की जनुकं गुणसूत्रांवरच असतात. म्हणजे मी! दुसरा ब्रिजेस! रात्री झोप नाही, शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा तयार.

सकाळी मॅडमनी ऐकून घेतलं. ब्रिजेसला अशी मुलगी हजार-दोन हजारांत एखादी मिळायची म्हणाल्या, तुला ६२ मध्ये १७? मग वही उघडली. "बाटलीतल्या मोठ्या माश्या सकाळी सातला काढून टाकल्यास. त्यानंतर निघालेल्या नव्या माद्या किती वाजता काढल्यास?"

तो रकाना कोरा होता.

मी पेन काढून "३" लिहिलं. मॅडम गप्प. ताई छताकडे बघतेय. इन्क्युबेटरची घरघर एवढी मोठी असते हे मला तेव्हा कळलं. मग मी ते ३ खोडलं आणि खाली लिहिलं, साडेपाच, कॅन्टीनमध्ये मॅच बघत होतो. साडेदहा तास! म्हणजे त्या माद्या माझ्या हाती लागण्याआधीच घरच्या पांढऱ्या डोळ्यांच्या नरांशी संसार थाटून बसल्या होत्या, आणि मी त्यांच्या मुलींना विज्ञानातली क्रांती समजत होतो.

मॅडमनी वाचलं, खाली सही केली, तारीख टाकली.

"कोण जिंकलं?"

"आपण हरलो मॅडम."

"बरं. आता बाटल्या धू."

चाळीस बाटल्या होत्या. कोपरापर्यंत साबण, नाकात आम्ल, बाजूला ताई खुसूखुसू हसतेय. तरीपण खरं सांगतो, धुवायच्या आधी प्रत्येक बाटली मी उजेडाकडे धरून काचेतून नीट बघून घेतली.