तेल-लिंबाने पडतात ते पित्ताशयातील खडे नव्हेत

राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या आत्याची वजन कमी करण्यासाठीची बायपास शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले. परवा तिच्या ओट्यावर ऑलिव्ह तेलाची बाटली आणि सहा लिंबे मांडलेली दिसली, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची पट्टी डब्यांच्या मागे सरकवलेली होती. तिच्या भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आलेल्या संदेशाचे म्हणणे असे: शस्त्रक्रियेत पित्ताशयाला इजा होते म्हणून खडे होतात, गोळ्यांनी यकृत बिघडते, तेल-तूप कायमचे बंद करावे आणि रात्री अर्धी वाटी तेल लिंबाच्या रसातून घेतल्यास सकाळी खडे पडून जातात.

या शस्त्रक्रियेनंतर खडे होण्याचा धोका वाढतो, एवढे मान्य करावे लागेल. मात्र त्याचे कारण इजा हे नाही. वजन झपाट्याने उतरते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते, खाणे कमी झाल्याने पित्ताशय नीट रिकामे होत नाही आणि साचलेल्या पित्तात खडे धरतात. शस्त्रक्रिया न करता कडक उपासाने वजन उतरवणाऱ्यांनाही हेच होते. म्हणूनच तेल-तूप पूर्ण तोडणेही चुकीचे आहे, कारण थोड्या स्निग्धांशानेच पित्ताशय आकुंचन पावते.

"अगं, शेजारच्या वहिनींचे हिरवे खडे पडले, त्यांनी डोळ्यांनी पाहिले," असे आत्या म्हणाली. वहिनींनी पाहिले ते खरेच असेल, पण ते खडे नव्हते. असेच हिरवे गोळे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2005 साली आलेल्या एका नोंदीसाठी तपासले गेले, तेव्हा त्यांत खऱ्या खड्यांत असणारे कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातले रंगद्रव्य) वा कॅल्शियम काहीच सापडले नाही. सुमारे 75 टक्के मेदाम्ले (तेल-तुपाचे घटक) होती आणि 40 अंश तापमानाला ते दहा मिनिटांत वितळले. प्यायलेल्या तेलाचाच आतड्यात साबण झाला होता. त्या नोंदीतील बाईंचे खरे खडे पित्ताशयातच राहिले होते आणि ते पुढे शस्त्रक्रियेने काढावे लागले.

हा उपाय नुसता निरुपयोगी असता तर मी एवढे लिहिले नसते. एकदम इतके तेल पोटात गेले की पित्ताशय जोराने आकुंचन पावते आणि आत खरोखरच बारीक खडा असेल तर तो नलिकेत अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. बायपासनंतर आतड्याची वाट बदललेली असल्याने तोंडातून दुर्बीण घालून तो खडा काढणेही अवघड होऊन बसते.

आता गोळ्यांविषयी. त्यांनी यकृत बिघडते म्हणावे, तर त्यांतले अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड हे औषध उलट यकृताच्या काही आजारांवरही दिले जाते. बायपासच्या रुग्णांवर झालेल्या, 1995 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने रोज 600 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 2 टक्के रुग्णांना खडे झाले, तर औषधाविना गोळी घेणाऱ्यांपैकी 32 टक्क्यांना. ज्यांना आधीपासून खडे आहेत त्यांना या गोळीचा तेवढा उपयोग होत नाही, हे खरे; पण त्याचा निर्णय सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनी करायचा आहे, भिशीच्या गटाने नव्हे.

गोळ्यांची पट्टी आता पुन्हा आत्याच्या जेवणाच्या टेबलावर आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीकडे गेली, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मी तिच्या फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहे.