"ते लोक शहरात का येत नाहीत?"

ओल्ड क्रो या उत्तर कॅनडातल्या आदिवासी गावाचे फोटो टाकल्यापासून रोज कोणीतरी हेच विचारतंय. इतक्या थंडीत, इतक्या आडबाजूला राहतातच कशाला? सरकार त्यांना शहरात घरं का देत नाही? विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नाही, हे मला माहीत आहे. तिथे जाईपर्यंत मीही थोड्याफार फरकाने असंच बोलायचे. पण आता हा प्रश्न मला सहन होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी राहते व्हाइटहॉर्सला, कॅनडाच्या वायव्येकडच्या युकॉनमध्ये. तिथून आणखी ८०० किलोमीटर उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, क्रो आणि पॉर्क्युपाइन या नद्यांच्या संगमावर ओल्ड क्रो आहे. वस्ती अडीचशेच्या आसपास. युकॉनमधलं बारमाही रस्ता नसलेलं हे एकमेव गाव. दूध, खिळे, लहान मुलांचे डायपर, जनरेटरचं डिझेल, सगळं विमानाने येतं. एखाद्या वर्षी अवजड सामान आणायचं असेल तर हिवाळ्यात बर्फावरून तात्पुरती वाट काढतात, तेवढंच. राहणारे लोक वुंतुत ग्विचिन. वुंतुत म्हणजे तळ्यांच्या मुलखातले. गावाच्या उत्तरेला खरोखरच दोन हजारांवर तळी असलेला सखल मुलूख आहे.

२०२४च्या सप्टेंबरमध्ये, ऐन गणपतीत, कामानिमित्त मी तिथे आठवडाभर होते. ज्या कंपनीच्या विमानाने गेले, त्या कंपनीत या गावाची जवळपास निम्मी भागीदारी आहे, हे मला विमानात शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. मी मात्र त्यावर बराच वेळ विचार करत बसले. आपण ज्यांना 'बिचारे' म्हणतो, ते आपल्याला तिकीट विकत असतात.

दुसऱ्या दिवशी एका घरामागे मांस वाळवायचं काम चाललं होतं. नदीच्या वरच्या अंगाला कोणाला तरी कॅरिबू मिळाला होता. कॅरिबू म्हणजे इथला रानटी रेनडिअर. ज्या म्हाताऱ्या बाई कापत होत्या, त्यांना मी मनातल्या मनात आजीच म्हणत होते. मांसाचा तुकडा डाव्या तळव्याखाली धरायचा, सुरी आडवी घालायची आणि तुकडा फिरवत फिरवत उलगडत न्यायचा. बघता बघता मुठीएवढ्या गोळ्याचा हातभर पट्टा व्हायचा, आपल्या आंब्याच्या साठाएवढा पातळ, आणि कुठे भोक नाही. मग तो धुराच्या झोपडीत दांडीवर टाकायचा. त्यांची नऊ-दहा वर्षांची नात खाली मंद जाळ सांभाळत होती. जाळ जरा मोठा झाला की आजी नुसतं तिकडे बघायच्या, आणि पोरगी एक लाकूड मागे ओढायची.

हे शहरात कसं न्यायचं, सांगा मला. घर नेता येईल. पेन्शन, दवाखाना, शाळा सगळं देता येईल. हे कुठे ठेवायचं?

इथून जाणाऱ्या कॅरिबूंच्या पॉर्क्युपाइन कळपात २०१७च्या गणनेत २ लाख १८ हजार जनावरं मोजली गेली. दर वसंतात हा कळप अलास्काच्या किनारपट्टीवर विण्यासाठी जातो आणि शरदात परततो. ग्विचिनांची गावं अलास्का, युकॉन आणि शेजारच्या वायव्य प्रदेशांत पसरलेली आहेत, आणि बरीचशी याच कळपाच्या वाटेवर आहेत. जुने लोक सांगतात, कळप येताना दिसला की लगेच बंदूक उचलायची नाही. पुढच्यांना जाऊ द्यायचं, कारण वाट त्यांना ठाऊक असते. ती मारली तर मागचे भरकटतात. आणि जिथे कॅरिबू वितात, त्या जागेला ते जिथून जीवन सुरू होतं अशी पवित्र जागा मानतात. उपासमारीच्या वर्षांतही तिथे शिकारीला पाऊल टाकायचं नाही, असा दंडक.

नेमक्या त्याच जमिनीखाली तेल आहे. १९८८ साली तिन्ही प्रांतांतले ग्विचिन अलास्कातल्या आर्क्टिक व्हिलेजला जमले आणि ही जागा राखायची असं एकमुखाने ठरवलं. त्यानंतर वॉशिंग्टनला किती हेलपाटे घातले असतील! २०१७ साली अमेरिकेने कायदा करून तेलाची वाट मोकळी केली. २०२१च्या लिलावात बड्या तेल कंपन्या फिरकल्याच नाहीत. त्यात दिलेले पट्टे पुढच्या सरकारने २०२३ सालापर्यंत रद्द केले. २०२५ साली पुन्हा लिलावांची तरतूद झाली. अडीचशे माणसांचं गाव जवळपास चाळीस वर्षं हे लढतंय, आणि आपण विचारतो, हे लोक पुढे का येत नाहीत?

गोड चित्र रंगवायचं नाही मला. तिथे घरं कमी आहेत. आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर विमान, आणि हवा खराब असली की तेही नाही. जमिनीखालचा कायमचा गोठलेला थर वितळतोय. २००७ साली एक मोठं तळं काठ फुटून रिकामं झालं. २०१९ साली गावाने स्वतःच हवामानाची आणीबाणी जाहीर केली. आणि मी गेले त्याच वर्षी युकॉन नदीच्या खोऱ्यात येणाऱ्या चिनूक जातीच्या सॅमनवर कॅनडा आणि अलास्काने मिळून सात वर्षांची बंदी घातली, इतका तो मासा घटला आहे. आयुष्यभर जाळं टाकलेल्या माणसाला हे कसं वाटत असेल, ते मला विचारवलं नाही. आदिवासी मुलांसाठीच्या सरकारी निवासी शाळांविषयी तर मी काही बोलूच शकले नाही. लहान लहान मुलं उचलून दूर नेली, त्यांची भाषा तोंडातून काढून टाकली. 'शहरात आणा, शिकवा, सुधारा' हे त्यांना आधी एकदा सांगून झालेलं आहे, जबरदस्तीने. म्हणून आपल्या तोंडून ते पुन्हा निघतं तेव्हा मला वाईट वाटतं.

या लोकांनी मागितलं ते वेगळंच होतं. १९७३ साली युकॉनमधले आदिवासी प्रमुख ऑटावाला गेले आणि जमिनीचा, कारभाराचा हक्क पंतप्रधानांपुढे मांडला. वीस वर्षं बोलणी चालली. १९९३ साली वुंतुत ग्विचिनांचा करार झाला, १९९५ पासून लागू आहे. आज त्यांचं स्वतःचं सरकार आहे, स्वतःचे कायदे आहेत. डिझेल कमी जाळायचं म्हणून गावाने ९४० किलोवॉटचा सौर प्रकल्प उभारला, २०२१ पासून तो चालू आहे. उन्हाळ्यात तिथे कितीतरी आठवडे सूर्य मावळतच नाही, तेव्हा जनरेटर बंद ठेवता येतात. चोवीस तास घरघर ऐकायची सवय असलेल्या गावात अचानक नदीचा आवाज येऊ लागतो, असं एकाने मला सांगितलं. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं आणि २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तीच ही गोष्ट. त्यांना कोणी दया दाखवायला नको आहे. आपल्या जागेचा निर्णय आपण घ्यायचा, एवढंच हवं आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजींनी चहाला बोलावलं. मी धीर करून विचारलं, कधी गाव सोडावंसं वाटलं नाही का? त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट मलाच विचारलं, "तुझ्या गावात, तुझ्या घरात आता कोण असतं?"

मी सांगितलं. सिंधुदुर्गात घर आहे, कौलारू, मागे विहीर. आईबाबा पुण्याला असतात. गणपतीला घर उघडतं, पाच दिवसांनी कुलूप लागतं.

"मग बाकीचे दिवस?"

मी काही बोलले नाही. मग चुलतभावाने पाठवलेला आरतीचा व्हिडिओ त्यांना दाखवला. नेट इतकं हळू होतं की दोन मिनिटांच्या व्हिडिओला पंधरा मिनिटं लागली. त्यांनी मूर्ती पाहिली, पण नजर थांबली ती वरती फळं टांगून बांधलेल्या माटवीवर. ही फळं कसली? खायची का? कुठल्या झाडाची? मी सांगत गेले. नारळ, सुपारी, तवशी, चिबूड. एका लालभडक रानफळाशी अडले. दरवर्षी पाहिलेलं, नाव तोंडावर येईना. आजी वाट पाहत होत्या, नात फोनवर वाकून बघत होती.

भावाला मेसेज केला. त्यालाही आठवेना. त्याने शेजारच्या काकींना विचारलं, माटवीचं सामान दरवर्षी रानातून त्याच आणून देतात. सकाळी धावपट्टीकडे निघाले तेव्हा उत्तर आलं. कवंडळ. मी तशीच मागे वळले आणि आजींच्या दारात जाऊन ते नाव त्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, नातीकडून म्हणवून घेतलं, आणि सुक्या मांसाची एक पुडी माझ्या हातात ठेवली.