घड्याळ उघडल्यावर आत काय सापडलं, ते आधी सांगा

महागडं मेकॅनिकल घड्याळ सर्व्हिसिंगहून चकाचक होऊन आलं की लोक खूश होतात. मला त्या चकाकीचीच धास्ती वाटते. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं, आणि गेलेला धातू परत येत नाही. दोन-तीनदा मशीनवर जोरात घासलं की केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, रेखीव कडा गोल होतात, पट्टा अडकवायचे लग बारीक होतात. जुन्या घड्याळाचे जाणकार आधी याच कडा बघतात. म्हणून घड्याळ देतानाच पावतीवर लिहून घ्या: पॉलिश करू नये, विचारल्याशिवाय डायल आणि काटे बदलू नयेत.

खरं काम आत असतं, आणि ते आपल्याला दिसत नाही. पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये घड्याळाचं आतलं मशीन सुटं करून धुतात, झिजलेले पार्ट बदलतात, प्रत्येक जागी वेगळं तेल लावतात, तेही टिपूसभर. पाणी अडवणारं गॅस्केट बदलून पाण्याची टेस्ट घेतात. याउलट मागचं झाकण उघडून वाळलेल्या तेलावरच नवं तेल सोडलं, तरी घड्याळ काही महिने छान चालतं. ही फसवणूक पकडायची कशी?

टाइमग्राफर या तपासणी यंत्राचं रीडिंग मागा, कामाआधीचं आणि नंतरचं. बहुतेक आधुनिक मशीन तासाला 28,800 ठोके देतात, म्हणजे सेकंदाला 8. टाइमग्राफर ते ठोके ऐकून घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं ते सांगतं. पण नुसत्या सेकंदांवर समाधान मानू नका, वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर जरा सरकवला की ते जुळतात. ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आत मागे-पुढे फिरत राहणाऱ्या बॅलन्स व्हील या चाकाचा झोका बघा. पूर्ण चावी दिलेलं, डायल वर ठेवलेलं निरोगी घड्याळ साधारण 270 ते 310 अंश दाखवतं. रेग्युलेटर सरकवून झोका वाढत नाही.

माझं घड्याळ एकदा अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं. घड्याळजींनी ते उघडलंच नाही. शेजारी होकायंत्र धरलं, सुई थरथरली. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलं होतं. चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर धरून लगेच परत दिलं, म्हणाले, "सर्व्हिसिंगची अजून गरज नाही." त्यांना सहज मोठं बिल लावता आलं असतं. तेव्हापासून मी दुसरीकडे गेलेलो नाही.

अशा माणसांची कोंडी कंपन्या करतात, याचा मला मनापासून संताप आहे. ओमेगा, टिसॉटसारखे ब्रँड असलेल्या स्वॉच ग्रुपने 2015 अखेर घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणं थांबवलं. इतर बड्या ब्रँडचे पार्टही सहजी मिळत नाहीत. कंपन्या दर्जाचं कारण देतात. मग कारागिराची परीक्षा घ्या, त्याची हत्यारं तपासा, आणि पास झाला तर पार्ट द्या. कंपनीचं सेंटर वाईट असतं असं नाही. रोलेक्स सर्व्हिसिंगवर 2 वर्षांची गॅरंटी देते, ती मोलाची आहे. पण घड्याळ माझं आहे. ते कोणाच्या हातात द्यायचं, हे ठरवायचा हक्कही माझाच हवा.