एका बाजूचा पंख कापायचा सल्ला देणारा तो मेसेज

"पक्षी उडून जातोय? घरच्या घरी कात्रीने एका बाजूचा पंख कापा. नखं कापण्यासारखंच आहे, दुखत नाही. पिल्लू असतानाच कापलेला उत्तम. रक्त आलं तर हळद लावा. मग खुशाल गॅलरीत मोकळा सोडा." सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज सिंहगड रोडला राहणाऱ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिनं बजीसाठी, म्हणजे तिच्या छोट्या पाळीव पोपटासाठी, शिवणकामाची कात्री काढून ठेवली. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक शब्द 'एका बाजूचा'. एका पंखाला हवेचा आधार मिळतो, दुसऱ्याला नाही. पक्षी कापलेल्या बाजूला कलंडतो आणि गिरकी घेत फरशीवर आपटतो, तोही छातीवर. छातीच्या मधोमध हाडाची उभी कड असते, उडण्याचे स्नायू तिलाच जोडलेले असतात. तिच्यावरची कातडी पातळ असते, ती फाटते. जखम भरायच्या आत पक्षी पुन्हा उडायला बघतो आणि पुन्हा तिथेच आपटतो.

'दुखत नाही' हे अर्धं खरं, एवढं मान्य. पूर्ण वाढलेलं पीस केराटिनचं, म्हणजे नखं ज्याची असतात त्याच पदार्थाचं असतं, त्यात रक्त नसतं. पण नव्याने येणाऱ्या पिसात, म्हणजे ब्लड फेदरमध्ये, रक्त खेळत असतं. त्याची दांडी जाड, निळसर-जांभळी दिसते आणि वर मेणचट आवरण असतं. ती कापली गेली की उघड्या नळासारखं रक्त येतं. ३५ ग्रॅमच्या बजीच्या अंगात रक्त असतं जेमतेम साडेतीन मिलि. वीस थेंब गेले की एक मिलि, म्हणजे पाव हिश्श्याहून जास्त रक्त गेलं. वरून हळद भुरभुरून ते थांबत नाही, दाब लागतो. कापसावर कॉर्नफ्लोअर घेऊन दांडीच्या टोकावर दोन-तीन मिनिटं धरायचं. पक्ष्याची छाती आवळायची नाही. छाती हलली नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही. तरी थांबलं नाही तर थेट डॉक्टर. ते पीस घरी उपटायला जाऊ नये.

आणि कापलेलं पीस नखासारखं वाढत नाही. पीसगळ होईपर्यंत, कधी वर्षभर, खुंटच राहतो. नवं पीस आलं की शेजारी आधाराला पिसं नसतात, म्हणून तेच धक्क्याने मोडतं आणि पुन्हा रक्त.

पिल्लाचा पंख कापला तर ते तोल सावरायला, उतरायला शिकतच नाही. गॅलरीचं तर बोलूच नका. दोन पिसं नवी आलेली असतात, वाऱ्याचा झोत येतो, पक्षी पाचव्या मजल्यावरून तरंगत खाली जातो आणि वर येऊ शकत नाही. खाली मांजरं, वर घारी-कावळे.

चालू पंख्याने पक्षी मरतात, हेही खरं. त्यावर उपाय म्हणजे पंखा बंद ठेवणे, खिडक्यांना जाळी आणि गॅसपाशी पक्षी न सोडणे. तरीही कापायचाच असेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडूनच: दोन्ही बाजूंची सारखी, बाहेरची पाच-सहा मोठी पिसं, तीही पक्षी अलगद खाली तरंगेल इतपतच.

मेसेजवर फोटो आहे आपल्या कंठीवाल्या हिरव्या पोपटाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात पकडणंही येतं. पंख कापा किंवा ठेवा, हा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हाच. बजी, कॉकटील (तुरेवाला छोटा पोपट) मूळचे ऑस्ट्रेलियाचे, त्यांना ही बंदी नाही. घरात असा पोपट असेल तर खिडकीतून सोडू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

ज्यांनी वाचून आधीच कात्री चालवली, त्यांनी पिंजऱ्यातली दांडी आजच वीतभर उंचीवर आणावी, खाली जाड चादर घालावी आणि रोज छातीवरची पिसं फुंकरीने बाजूला करून जखम आहे का ते बघावं. दुसरी बाजू स्वतः कापून 'सारखी' करायला जाऊ नये, ते डॉक्टरांना ठरवू द्या.